वेत : मारायचा की बसायचा?

आपल्या हिंगोली जिल्ह्यात ‘वेत’ हा शब्द दोनच ठिकाणी ऐकू येतो. एक म्हशीच्या बाजारात, ‘दुसऱ्या वेताची आहे, डोळे झाकून घ्या’, आणि दुसरा शाळेत. मराठी मीडियमवाल्यांचा ‘वेत’ आणि आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांचा ‘केन’. वस्तू एकच आणि हातावरचे वळही सारखेच! 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी आणली, हे बेस्ट झालं. पण मग छडीशिवाय वेताला काही काम उरलं की नाही? माझं स्पष्ट मत आहे की भरपूर उरलंय.

पहिली गोष्ट, वेत म्हणजे बांबू नव्हे. बांबू हे गवत. वेत हा ताड-माड-शिंदीच्या कुळातला. पण माड आपल्या पायावर उभा राहतो आणि हे साहेब वेल होऊन दुसऱ्याच्या खांद्यावर चढतात. चढण्यासाठी त्याला चाबकासारखे लांब तंतू असतात, त्यांवर उलटे आकडे. आकडा फांदीत अडकला की वेत वर सरकलाच. काही जाती 150 मीटरहून जास्त लांब होतात! बांबू पोकळ, वेत भरीव. वरची साल कडक आणि चकचकीत, आतला गाभा मऊ, बारीक नळ्यांचा. वाफ दिली की वाकतो, थंड झाला की तोच आकार धरून बसतो. आपण कॉम्पोझिट मटेरियल म्हणून जे घोकतो, ते जंगलात तयारच आहे. इटलीतल्या फाएंझा इथल्या संशोधकांनी तर 2009 मध्ये वेतावर रासायनिक प्रक्रिया करून हाडासारखा पदार्थ बनवल्याचं प्रसिद्ध केलं. आतल्या नळ्यांची रचना हाडाशी जुळते म्हणून!

आपल्याकडे वेत उगवत नाही. कयाधूकाठी साग, पळस जगतो. वेताला सह्याद्रीतलं दमट, सदाहरित जंगल लागतं. पण मराठी माणसाशी त्याचं नातं जुनं आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला नवा जन्म दिला, त्याचा एक प्रकार म्हणजे वेताचा मल्लखांब. टांगलेल्या वेतावर कसरती करायच्या. पुढे चांगला वेत मिळेना, म्हणून त्या जागी सुती दोर आला. आज आपण टीव्हीवर जो दोरीचा मल्लखांब बघतो, तो मूळचा हाच. म्हणजे जंगलातली एक वेल कमी झाली आणि मैदानावरच्या खेळाचं नावच बदललं!

आता कायद्याची गंमत बघा. 1927 च्या भारतीय वन कायद्यात ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत वेतही येतो. 2017 मध्ये त्यातून बांबू वगळला, वेत तसाच राहिला. उलट 2006 चा वनहक्क कायदा वेताला गौण वनोपज म्हणतो, म्हणजे जंगलात राहणाऱ्यांच्या हक्काची वस्तू. एका कायद्यात झाड, दुसऱ्यात वनोपज! माझ्या मते बांबूला मिळाली तशी मोकळीक शेतात लावलेल्या वेतालाही मिळायला हवी. आणि वेताला चढायला उभं झाड लागतंच. झाड तोडलं तर वेत कशावर चढणार? जंगल राखून पैसा देणारी पिकं किती असतात?

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आपल्या रीडिंग रूमच्या मागे पडलेल्या जुन्या खुर्च्या. लाकूड ठणठणीत, फक्त बसायची वेताची जाळी फाटलेली. त्या भंगारात निघाल्यात आणि त्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या आल्यात. मे महिन्यात आपल्या मराठवाड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तासभर बसून बघा, शर्ट पाठीला चिकटतो! वेताच्या जाळीतून हवा खेळते. जाळी फाटली तर नवी विणता येते, प्लॅस्टिकचा पाय मोडला की खेळ खल्लास.

शिवाय खुर्च्या विणणं हा आपल्याकडे अंध व्यक्तींना शिकवला जाणारा जुना व्यवसाय. बोटांनी भोकं मोजायची, पट्टी ओढायची, तिरकी वीण घालायची. डोळ्यांची गरज नाही. आपण एक खुर्ची भंगारात टाकतो तेव्हा कुणाच्या तरी हातचं काम जातं, हे आपल्या लक्षातही येत नाही. कुणी म्हणेल, विणून घेण्यापेक्षा नवी प्लॅस्टिकची स्वस्त पडते. आज पडत असेल. पण दहा वर्षांचा हिशोब मांडा ना! कॉस्टिंग आपल्यालाच शिकवतात की.

म्हणून सरांना आणि मेसमधल्या समस्त मित्रमंडळींना एकच विनंती. खुर्च्या विकू नका. एखाद्या विणकराला कॅम्पसवर बोलवा, त्याला योग्य मजुरी द्या आणि आम्हाला शेजारी बसून शिकू द्या. वर्कशॉपमध्ये सुतारकाम आहे, फिटिंग आहे, मग आठवडाभर वेतकाम का नको? इतकी वर्षं वेताने आपल्याला शिकवलं म्हणतात. आता जरा वेताबद्दल आपण शिकू या!