सोडणाऱ्यांचेही मंडळ असते

दारू सोडणे हा केवळ मनोनिग्रहाचा प्रश्न आहे, असे आपल्याकडे बहुतेक सुशिक्षितांचे मत असते. ‘मनात आणले तर उद्या सुटेल,’ असे पिणाराही म्हणतो आणि त्याला उपदेश करणाराही म्हणतो. दोघांचे एवढे एकमत दुसऱ्या कोणत्याही बाबतीत होत नसेल! मला हे मत मान्य नाही. ते का, हे विद्यार्थी मित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. सुधाकराच्या अधःपाताने आपण आजही हळहळतो. परंतु त्यातील एका गोष्टीकडे आपण निव्वळ विनोद म्हणून पाहतो. तळीरामाजवळ ‘आर्यमदिरामंडळ’ आहे. पिण्यासाठी सभासद आहेत, बैठक आहे, सोबत आहे. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो तेव्हा मात्र त्या वाटेने जाऊन परत आलेला एकही माणूस त्याच्याजवळ नाही. अपमान पदरी पडताच निश्चय मोडतो. एका बाजूला पिणाऱ्यांचे मंडळ आणि दुसऱ्या बाजूला एकट्याची शपथ, असा हा विषम सामना आहे.

माझे मामा साताऱ्याचे. देवाची, आईची, धाकट्या मुलीची, अशा सर्व शपथा त्यांनी घेऊन झाल्या होत्या. शपथेचा दोष असा, की ती एकदा मोडली की माणूस तोंड लपवतो, आणि तोंड लपवायला गुत्त्याइतकी सोयीची जागा नाही. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या संघटनेचा फोन नंबर मला मोबाईलवर दोन मिनिटांत मिळाला. तो लावायला मामांना अडीच महिने लागले. साताऱ्यातल्या सभेला जायला ते मुळीच तयार नव्हते. “पोवई नाक्यावर मला कोण ओळखत नाही?” हा त्यांचा सवाल. त्याच नाक्यावरून झोकांड्या खात जाताना ओळखीचे भय त्यांना कधी वाटले नव्हते! मी शिकायला सांगलीत, म्हणून शेवटी सांगलीची सभा ठरली आणि मामा कराडमार्गे एस.टी.ने आले. ती ‘खुली’ सभा होती, म्हणजे घरच्यांनाही बसता येईल अशी. ‘बंद’ सभा फक्त मद्यपींसाठीच असते.

सभा म्हटली की व्यासपीठ, हारतुरे आणि अध्यक्षीय समारोप एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. येथे त्यातले काही नव्हते. एकेक जण आपले नाव सांगतो, ‘मी मद्यपी आहे’ म्हणतो आणि स्वतःपुरते बोलतो. मध्ये कोणी तोंड घालत नाही, उपदेश तर नाहीच. फी नाही, शेवटी पिशवी फिरते, त्यात जमेल त्याने जमेल ते टाकावे. सभासदत्वाला अट एकच : दारू सोडण्याची इच्छा. तीही आजन्म प्रतिज्ञेची नव्हे. आजचा दिवस प्यायचे नाही, एवढीच. तेथे ऐकलेले तेथेच ठेवायचे असते, म्हणून इतरांविषयी मी लिहीत नाही. मामांच्या परवानगीने एवढेच सांगतो, की त्या दिवशी ते एक अक्षर बोलले नाहीत. बाहेर पडल्यावर म्हणाले, “माझीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकली रे.”

या चळवळीचा उगमही असाच आहे. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन नावाच्या शेअर दलालाला पुन्हा पिण्याची ऊर्मी आली. तेव्हा त्याने फोनवर फोन करून दुसरा एक मद्यपी शोधून काढला. तो डॉ. बॉब स्मिथ, व्यवसायाने शल्यविशारद. एकाने दुसऱ्याला तारले असे नव्हे. दोघांनी एकमेकांना धरले.

मामा चार महिन्यांनी एकदा घसरले. परंतु पुढच्याच आठवड्यात ते पुन्हा सभेला गेले, आणि या वेळी साताऱ्यातल्या! शपथ मोडणाऱ्याला घरात जागा उरत नाही. सभेत ती उरते. माझ्या मते या पद्धतीचे सारे मर्म येथे आहे.

सभा म्हणजे औषधोपचार नव्हे, हेही खरे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. त्याला आधी डॉक्टरच हवा. त्यासाठी पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले ‘मुक्तांगण’ आहे, साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी स्थापन केलेली ‘परिवर्तन’ संस्था आहे. तरीही २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ माणसांत एकालाच काही ना काही उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांच्या घरी आपल्यासारखेच कोणीतरी कॉलेजात जाणारे असेल.

म्हणून एक सूचना. आपल्या सूचनाफलकावर परीक्षेचे वेळापत्रक लागते, निबंधस्पर्धा लागतात. व्यसनमुक्तीवरही आपण दरवर्षी निबंध लिहितो आणि बक्षिसे घेतो. त्याच फलकाच्या कोपऱ्यात जवळच्या सभेचा वार, वेळ आणि पत्ता कायमचा लावावा. कुणाला विचारावे लागणार नाही, कुणाला उत्तर द्यावे लागणार नाही. येता-जाता वाचून मनात ठेवता येईल. आमच्या मामांचे अडीच महिने गेले. दुसऱ्या कुणाकडे तेवढे असतीलच असे नाही.