पदवीदान समारंभात पदवी कुठाय?

आधीच सांगून टाकतो, मागाहून तक्रार नको. इंजिनिअरिंग कॉलेजांमधले ते काळा गाऊन, चौकोनी टोपी आणि डोक्यावर भिरभिरणारा ड्रोन कॅमेरा असलेले 'ग्रॅज्युएशन सेरेमनी' बंद करावेत असं माझं मत आहे. निदान जोवर त्या समारंभात पदवी देत नाहीत, तोवर तरी. शिव्या घालायच्या असतील तर जरूर घाला, पण शेवटपर्यंत वाचून घाला.

हो, बरोबर वाचलंत. पदवी देत नाहीत. संलग्न कॉलेजांचे असे जे समारंभ मी आजवर पाहिले, त्यांत पदवी सोडून बाकी सगळं होतं. बुफे होता, सेल्फी पॉइंट होता, निवेदिकेच्या तोंडी 'गिव्ह इट अप फॉर' होतं. पदवी नव्हती.

याचं कारण तसं साधं आहे, पण चार वर्षं फी भरणाऱ्या पालकांना ते कुणी नीट सांगत नाही. आपल्याकडचं साधं इंजिनिअरिंग कॉलेज पदवी देऊच शकत नाही. पदवी देतं विद्यापीठ. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. तीच घडी अजून चालू आहे. पुण्याचं सीओईपी १८५४ सालचं, म्हणजे मुंबई विद्यापीठापेक्षाही वयाने मोठं. पण २०२२ मध्ये ते स्वतःच विद्यापीठ झालं, तोवर त्याच्या मुलांच्या पदवीवर सही दुसऱ्याच संस्थेची असायची. सीओईपीची ही कथा, तर हायवेलगतच्या माळावर उभ्या राहिलेल्या कॉलेजांचं काय सांगावं!

तर कॉलेजकडे पदवी नाही. विद्यापीठाकडे आहे, पण विद्यापीठाचा समारंभ म्हणजे वेगळाच सोहळा. पुढे मानदंड घेतलेला अधिकारी, मागे कुलगुरू, अधिष्ठाते, जमल्यास स्वतः राज्यपाल, कारण तेच कुलपती. सुवर्णपदकवाले आणि पीएचडीवाले स्टेजवर. बाकीच्या हजारोंना शाखेगणिक एका वाक्यात पदवी बहाल. उभे राहा, बसा, झालं. आणि जे आलेच नाहीत त्यांना गैरहजेरीत. इंजिनिअर झालेल्या माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी विद्यापीठाचा तो मांडव कधी पाहिलेलाच नाही.

मग कॉलेजांनी ही पोकळी हेरली आणि आपापले 'सेरेमनी' सुरू केले. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर यूआय झकास, बॅकएंडचा पत्ता नाही. क्लायंटला डेमो दाखवताना बटण दाबलं की हिरवी टिक उमटते, डेटाबेसमध्ये मात्र काहीच लिहिलं जात नाही, तसं. डेमोला हे चालतं, कारण तो डेमो आहे हे समोरच्याला ठाऊक असतं. इथे समोर बसलेल्या आईबापांना ते ठाऊक नसतं, माझा राग आहे तो यावर.

भाच्याच्या कॉलेजातली गोष्ट सांगतो. (कॉलेजचं नाव विचारू नका, सगळीकडे हेच आहे.) एका मुलामागे एकच पास, त्यामुळे ताई आत लॉनवर आणि दाजी बाहेर कॅन्टीनमध्ये, एलईडी स्क्रीनसमोर. दाजींना सोबत म्हणून मी. दोघं आदल्या रात्रीच्या एसटीने बार्शीहून आलेले. गाऊनचं भाडं वेगळं, टोपीचं डिपॉझिट वेगळं. प्रमुख पाहुणे कुठल्याशा कंपनीचे उपाध्यक्ष. त्यांनी पाऊण तास पॅशन फॉलो करा आणि कम्फर्ट झोन सोडा हे सांगितलं. कम्फर्ट झोन! ज्या पोराने चार वर्षं कॉट बेसिसवर काढली त्याला हे सांगत होते. मग टॉपर्सची नावं पुकारली, आणि बाकीच्यांना दहा-दहाच्या घोळक्याने स्टेजवर बोलावून फोटो. नावं नाहीत. 'नेक्स्ट टेन प्लीज.'

नंतर पोरं फोल्डर घेऊन बाहेर आली. आमच्या शेजारी एक गृहस्थ बसले होते, लातूरकडचे. धोतर, टोपी, बोटाला फ्रॅक्चरची पट्टी. मुलाच्या हातातलं फोल्डर त्यांनी एखादी पोथी धरावी तसं दोन्ही हातांनी घेतलं. उघडलं. आत कॉलेजचा लोगो आणि खाली प्राचार्यांची छापील सही असलेलं अभिनंदनपत्र. ते त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं आणि मला विचारलं, "पावणं, सर्टिफिकेट ह्येच का? न्हाई, भाईर लॅमिनेशनवाला हाय, करून घिऊ म्हनलं." (पदवी कधीही लॅमिनेट करू नका बरं का, पुढे परदेशासाठी अटेस्टेशनला अडतं.) मुलगा खाली बघत म्हणाला, "आबा, ते नंतर मिळतं. फॉर्म भरावा लागतो." आबा काही बोलले नाहीत. फोल्डर मिटून पिशवीत ठेवलं.

त्या फॉर्मबद्दल आता जरा बोलू, कारण खरी मेख तिथे आहे.

पास झाल्यावर पदवी आपोआप येत नाही. विद्यापीठाच्या साइटवर जाऊन अर्ज करायचा, मार्कशीट स्कॅन करून चढवायची, शुल्क भरायचं, मुदत हुकली तर दंड भरायचा, आणि वाट बघायची. मी उभा जन्म डेटाबेसशी झटापट करण्यात घालवतोय, म्हणून विचारतो. या मुलाचा पीआरएन नंबर विद्यापीठानेच दिलेला. आठ सेमिस्टरचे आठ परीक्षा फॉर्म विद्यापीठानेच भरून घेतले. मार्क विद्यापीठाकडे, निकाल विद्यापीठाचा, फोटोसुद्धा तिथेच. मग विद्यापीठाला ठाऊक नाही असं त्या अर्जात नक्की काय असतं? पत्ता बदलला असेल, नावाचं स्पेलिंग तपासायचं असेल, कबूल. त्यासाठी एक मेसेज पाठवा, मुलगा दुरुस्ती करेल. जे त्याने कमावलंय ते त्यालाच मागायला लावायचं, वर पैसे घ्यायचे आणि उशीर झाला तर दंड घ्यायचा, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

बरं, हे सगळं नियमाविरुद्ध आहे का? यूजीसीचे २००८ सालचे पदवी प्रदान करण्याबाबतचे विनियम आहेत. त्यांत म्हटलंय की विद्यार्थी पदवीला पात्र होणं अपेक्षित असतं त्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत पदवी दिली पाहिजे. सहा महिने! आमच्याकडे एवढ्या वेळात एखादी स्टार्टअप निघून बंदसुद्धा पडते. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात निकालालाही मुदत आहे, ३० दिवस, फार तर ४५. ही मुदत मोडली तेव्हा काय झालं ते आठवा. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्‌महिने लटकले, बोंबाबोंब झाली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना घरी जावं लागलं. निकाल अडला की गावभर होतं. पदवी अडली की कुणाला पत्ताही लागत नाही, कारण तोवर मुलगा प्रोव्हिजनल दाखवून कुठेतरी चिकटलेला असतो. अडतो तो नेमका कागदपत्रं पडताळायच्या दिवशी, सरकारी नोकरीच्या नाहीतर परदेशी विद्यापीठाच्या दारात.

डिजिलॉकर आहे की, असं कुणीतरी म्हणेलच. आहे, आणि छान आहे. त्यातल्या कागदाला २०१६ च्या नियमांनी मूळ कागदाच्या बरोबरीचा दर्जा आहे. पण पदवी तिथे चढवायचं काम विद्यापीठाचंच, आणि ते होणार पदवी तयार झाल्यावर. तांब्या सोन्याचा केला म्हणून विहिरीला पाणी लागत नाही.

आणि इतकी वर्षं आपण वाद कशावर घालतोय? कपड्यांवर! २०१० मध्ये भोपाळच्या एका समारंभात जयराम रमेश यांनी स्टेजवर गाऊन उतरवला आणि ही वसाहतवादी प्रथा रानटी असल्याचं सांगितलं. २०१५ मध्ये यूजीसीने विद्यापीठांना हातमागाचे कपडे वापरायला सुचवलं. २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या वैद्यकीय संस्थांना काळे झगे सोडा म्हणून कळवलं. सोडा बापडे. पण उपरणं घालून रिकामं फोल्डर घेतलं म्हणून ते भरतं का? टोप्या उडवायची प्रथा म्हणे १९१२ साली अमेरिकेच्या नौदल अकादमीत सुरू झाली. पास होऊन अधिकारी झालेल्या पोरांना जुन्या टोप्यांची गरजच उरली नव्हती, म्हणून त्यांनी त्या फेकल्या. आमच्याकडे फोटोग्राफर 'वन, टू, थ्री' म्हणतो, टोप्या उडतात, आणि पुढच्या क्षणी सगळे जमिनीवर स्वतःची टोपी शोधत असतात. डिपॉझिट परत हवं ना!

आपल्याकडे शिक्षण संपल्याचा विधी नव्हता असं नाही. समावर्तन, म्हणजे आपली सोडमुंज. आंघोळ करून बाहेर पडला तो स्नातक, हा शब्द तिथलाच. पुढे तिचंही आपण काय केलं? लग्नाच्या गडबडीत पाच मिनिटांत उरकायची, मुलगा काशीला निघाल्याचं सोंग करणार, मामा 'परत ये, मुलगी देतो' म्हणणार, खसखस पिकणार. विधी उरला, शिक्षण गेलं. पण मुंज सगळ्यांची नव्हतीच कधी. मोजक्या जातींची, तीही मुलग्यांची. इंजिनिअरिंगच्या वर्गात मात्र आज सगळे आहेत. लातूरकडच्या त्या आबांच्या घरात 'तू शिकलास' असं जगाने चारचौघांत म्हणायचा तो पहिलाच दिवस होता. म्हणून तो खरा असायला हवा होता. ज्याच्या घरात तीन पिढ्या इंजिनिअर आहेत त्याला रिकामं फोल्डर चालतं, त्याला त्या दिवसाची गरजच नसते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: विद्यार्थी लाखांनी आहेत, प्रत्येकाला स्टेजवर कसं बोलावणार? अहो, राज्यपालांच्या हातून द्या असं कोण म्हणतंय! एका कॉलेजात एका वर्षी काहीशे मुलं पास होतात. प्रत्येकाचं नाव घ्यायला पाच सेकंद धरा. उपाध्यक्षांच्या भाषणाच्या वेळात पाचशे चाळीस नावं होतात. आयआयटी मुंबईने २०२० मध्ये, कोविडमुळे कुणाला बोलावताच येत नव्हतं तेव्हा, प्रत्येक विद्यार्थ्याचा आभासी अवतार तयार करून त्याला संचालकांच्या अवताराच्या हातून पदवी दिली. थोडं हास्यास्पद दिसलं, मान्य. आयआयटी स्वतःची पदवी स्वतः देते आणि तिथे मुलंही कमी, हेही मान्य. पण प्रत्येकाचं नाव घ्यायचंच हे आधी ठरलेलं होतं, तंत्रज्ञान त्याच्या मागून आलं.

आणि पदवी हातात देताना दोन शब्द बोलायचेच असतील तर त्यासाठी कॅनडाकडे बघा. तिथे १९०७ मध्ये क्वेबेकचा पूल बांधता बांधता कोसळला, ७५ कामगार मेले. १९१६ मध्ये पुन्हा मधला भाग पडला, आणखी १३ गेले. पुढे तिथल्या इंजिनिअरांनी स्वतःचा एक विधी सुरू केला, पहिला १९२५ साली माँट्रियलमध्ये. त्याची संहिता लिहिली रुडयार्ड किपलिंगने, हो, आपल्या मुंबईत जे. जे. च्या आवारात जन्मलेल्या. नव्या इंजिनिअरने कामाची जबाबदारी मान्य करायची आणि करंगळीत एक साधी अंगठी घालायची, ज्या हाताने काम करतो त्या हाताच्या. ती त्या पडलेल्या पुलाच्या लोखंडाची असते ही दंतकथा, पण टिकलीय खरी. आमच्याकडे सावित्रीवरचा पूल २०१६ मध्ये एसटी गाड्यांसकट वाहून गेला. मालवणचा पुतळा उद्घाटनानंतर नऊ महिन्यांच्या आत, २०२४ मध्ये, कोसळला. सिव्हिलच्या मुलांसमोर स्टेजवरून यातलं एक तरी नाव ऐकलंय कुणी? मी तरी फक्त पॅकेजचे आकडे ऐकलेत.

तेव्हा प्राचार्य महाशय, माझी मागणी अगदी छोटी आहे. पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या मागे लागून प्रमाणपत्रं आधी आणा आणि मगच मांडव घाला. ते जमत नसेल तर निमंत्रणपत्रिकेवर, उपाध्यक्षांच्या नावाखाली, तेवढ्याच मोठ्या टायपात आणि मराठीत एक ओळ छापा: 'या समारंभात पदवी प्रमाणपत्र दिले जाणार नाही.' मग बघू बार्शीहून आणि लातूरहून रात्रीच्या एसटीने किती जण येतात.