तीनशे पन्नास वॉटचं खोकं

गाडीतले कंपनीचे स्पीकर बदलायचेत? मग आधी खोक्यावरचा वॉटचा आकडा बघणं बंद करा. हे मी पैसे घालवून शिकलोय, म्हणून हक्काने सांगतोय.

तर झालं असं, की माझ्या गाडीत तबला म्हणजे पुठ्ठ्यावर टिचक्या मारल्यासारखा ऐकू यायचा. दुकानदार म्हणाला, "सर, हे घ्या, ३५० वॉट! काचा हलतील." घेतले. काचा सोडाच, आवाज आधीपेक्षा बारीक!

मग रविवारी कागद-पेन घेऊन बसलो (इंजिनियर असण्याचा एवढाच काय तो उपयोग). इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. डॅशबोर्डमधला साधा स्टिरिओ ते वाढवत नाही. ४ ओहमच्या स्पीकरला त्यातून स्वच्छ पॉवर मिळणार जास्तीत जास्त १४.४ चा वर्ग भागिले ८, म्हणजे २६ वॉटच्या आत. तेही कागदावर. प्रत्यक्षात १५ ते २०. स्टिरिओवर छापलेलं '५० × ४' हे फाटलेला आवाज धरून. चमचाभर फोडणीसाठी लग्नातली कढई आणली होती मी!

बघायचा आकडा वेगळाच आहे: सेन्सिटिव्हिटी. ३ डेसिबल जास्त म्हणजे दुप्पट पॉवर दिल्यासारखं. ९२ डेसिबलचा स्पीकर १५ वॉटवर जेवढा वाजेल, तेवढं वाजायला ८९ वाल्याला ३० लागतील. भरपूर वॉट झेलणारे स्पीकर बरेचदा इथेच मार खातात. वेगळा ॲम्प्लिफायर बसवणार असाल तर गोष्ट निराळी. आणि हो, जुन्या स्पीकरचे ओहम बघून घ्या. काही गाड्यांत कंपनीचेच स्पीकर २ ओहमचे असतात, तिथे ४ चा लावला की पॉवर आणखी कमी.

माझं मत विचाराल तर अर्धं बजेट दरवाजावर घाला. स्पीकरच्या मागून निघणारा आवाज पत्र्याच्या भोकांतून पुढे येतो आणि पुढचा बेस खाऊन टाकतो. भोकं बंद करून पत्र्याला डँपिंग शीट लावली, तर कंपनीचा स्पीकरसुद्धा सुधारतो. मी हे नंतर केलं, आणि खरं सांगायचं तर नवे स्पीकर घेतलेच नसते. मागच्या दरवाजांच्या नादी तर लागूच नका, तुम्ही बसता पुढे.

बसवताना दुकानात उभे राहा. वायर कापू देऊ नका, तुमच्या मॉडेलचा कपलर मागा. कापलेली वायर दिसली की वॉरंटीवरून वाद ठरलेला. दरवाजाच्या आतला प्लॅस्टिकचा पडदाही नीट परत चिकटवून घ्या. माझा त्यांनी टराटरा फाडला, आणि जुलैत पायाखालचं कार्पेट ओलंचिंब. वास दिवाळीपर्यंत होता.

ते ३५० वॉट सध्या माळ्यावर आहेत. कुणाला हवे असतील तर सांगा, स्वस्तात देईन :)