ठराव झाला, कायदा का झाला नाही?

यंदा नामविस्तार दिनाला विहारातून घरी येताना माझ्या पुतणीने विचारले, "काका, ठराव 1978 सालीच झाला होता ना? मग नाव 1994 साली का लागले?" बी.कॉम.ला असलेली पोरगी. तिला आंदोलन ठाऊक आहे, पोचिराम कांबळे यांचे नाव ठाऊक आहे. पण विधिमंडळात नेमके काय झाले, हे आम्ही मोठ्यांनीच कधी नीट सांगितलेले नाही.

1978 च्या फेब्रुवारीत निवडणूक झाली आणि कोणालाच बहुमत मिळाले नाही. जनता पक्षाला 99, काँग्रेसला 69 आणि इंदिराबाईंच्या काँग्रेसला 62 जागा. सभागृह 288 चे. दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. हा संसार चार महिने टिकला. पावसाळी अधिवेशन चालू असतानाच शरद पवार बाहेर पडले आणि 18 जुलैला जनता पक्षाला बरोबर घेऊन मुख्यमंत्री झाले. कालचे विरोधक आज सत्तेत, कालचे मंत्री आज विरोधात.

त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, 27 जुलै 1978 रोजी, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झाला. त्या वेळी विधान परिषदेच्या सभापतिपदी रिपब्लिकन पक्षाचे रा. सू. गवई होते. त्याआधी दहा वर्षे ते उपसभापती होते. सभापती एरवी मत देत नाही, समसमान मते पडली तरच देतो. तरीही बाबासाहेबांच्या नावाचा ठराव मंजूर होताना त्या सभागृहाचे सभापतिपद आपल्या माणसाकडे होते, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

आता पुतणीचा प्रश्न. आमच्या कचेरीत सभेचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. सभेत ठरले म्हणजे झाले, असे आजवर एकदाही झालेले नाही. पत्र निघावे लागते, त्यावर जावक क्रमांक पडावा लागतो. विधिमंडळाचेही तसेच आहे. ठराव म्हणजे सभागृहाने बोलून दाखवलेली इच्छा. विद्यापीठाचे नाव मात्र 1974 च्या कायद्यात लिहिलेले होते. ते बदलायचे तर कायदाच बदलायला हवा होता. ठरावापाठोपाठ मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या, माणसे मारली गेली, आणि सरकारने पुढचे पाऊल उचललेच नाही.

निरनिराळ्या पक्षांची मोट बांधलेले सरकार होते, मराठवाड्याचे आमदार दुखावले तर ते पडले असते, असे समर्थन मी जाणत्या माणसांकडून ऐकले आहे. क्षणभर ते मान्य करू. पण 17 फेब्रुवारी 1980 रोजी ते सरकार बरखास्त झाले, विधानसभाही गेली. (विधान परिषद बरखास्त होत नाही, त्यामुळे गवई साहेब 1982 पर्यंत सभापती राहिले.) नव्या निवडणुकीत काँग्रेस (आय)ला 186 जागा मिळाल्या. आता कोणाची मनधरणी करायची नव्हती, सरकार पडण्याची भीती नव्हती. तरीही नाव लागले नाही. पुढे मुख्यमंत्री किती बदलले ते मोजत बसत नाही. म्हणून मी म्हणतो, अडचण आकड्यांची नव्हती. विभागलेल्या सभागृहाने एकमत दाखवले, आणि भक्कम बहुमतवाले गप्प बसले.

मधल्या काळात नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला, तुरुंग भरले, 1993 साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. 14 जानेवारी 1994 रोजी निर्णय झाला तेव्हा मुख्यमंत्री पुन्हा शरद पवारच होते. तोही नामांतराचा नव्हे, नामविस्ताराचा. 'मराठवाडा' हा शब्द राहिला, त्याच्याआधी बाबासाहेबांचे नाव आले. त्याच वर्षी नांदेडला वेगळे विद्यापीठ झाले आणि नांदेड, परभणी, लातूर हे जिल्हे तिकडे गेले.

पुतणी म्हणाली, "म्हणजे ठरावाला काहीच किंमत नाही का?" आहे. त्या ठरावाचाच आधार घेऊन लोक साडेपंधरा वर्षे लढले. पण आता अधिवेशन भरले की मी वर्तमानपत्रात आधी विधेयकांची यादी वाचतो, ठरावांची नंतर. पुतणीलाही तसेच वाचायला सांगितले आहे.