स्वतंत्र गायक-गीतकार: श्रोते मिळाले, मंचाचे काय?

स्वतः गीते लिहून, त्यांना स्वतःच चाल लावून केवळ एका गिटारच्या साथीने ती श्रोत्यांपुढे सादर करणारे स्वतंत्र कलाकार गेल्या दीड दशकात देशाच्या संगीतक्षेत्रात ठळकपणे पुढे आले आहेत. चित्रपटसृष्टीचा आधार नसतानाही त्यांनी स्वतःचा श्रोतृवर्ग निर्माण केला आहे. मात्र, वाढत्या लोकप्रियतेबरोबर त्यांच्या उपजीविकेचा प्रश्न सुटला आहे, असे म्हणता येणार नाही.

जयपूरचे प्रतीक कुहाड हे या प्रवाहाचे परिचित उदाहरण. त्यांच्या २०१६ मधील 'कोल्ड/मेस' या गीताचा समावेश अमेरिकेचे माजी अध्यक्ष बराक ओबामा यांनी २०१९ च्या आपल्या आवडत्या गीतांच्या यादीत केला आणि हा प्रवाह देशाबाहेरही पोहोचला. लुधियानाचे अनुव जैन यांनीही मोजक्या वाद्यांच्या साथीने तरुण श्रोत्यांना आपलेसे केले. अर्थात, ही वाट सर्वस्वी नवी नाही. शिलाँगचे लू माजॉ १९७२ पासून दरवर्षी २४ मे रोजी बॉब डिलन यांचा जन्मदिन मैफलीने साजरा करीत आले आहेत. स्वतः रचलेली कवने डफाच्या साथीने गाणाऱ्या शाहिरांची परंपरा लाभलेल्या महाराष्ट्रालाही कवी आणि गायक एकच असणे अपरिचित नाही.

या कलाकारांना व्यापक मंच मिळवून देण्यात महोत्सवांचा वाटा मोठा आहे. २०१० मध्ये पुण्यात 'एनएच सेव्हन वीकेंडर' सुरू झाला, तर २०१२ मध्ये अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यात, बांबूच्या मंचांसाठी ओळखला जाणारा संगीत महोत्सव. परंतु महोत्सव वर्षातून एकदाच येतो. कलाकाराची जडणघडण होते ती शंभर-दोनशे श्रोत्यांच्या नियमित मैफलीत, आणि नेमकी तीच जागा दुर्मीळ होत आहे. मुंबईत २००७ मध्ये सुरू झालेले 'ब्लू फ्रॉग' २०१६ मध्ये बंद झाले. बंगळुरूचे 'द हमिंग ट्री' २०१९ मध्ये. पाठोपाठ २०२० च्या टाळेबंदीने सर्वच मंच काही काळ ओस पाडले. आठशे-हजार आसनांची नाट्यगृहे नवोदितांच्या आवाक्याबाहेरची असतात, तर उपाहारगृहांत गप्पा आणि बशांच्या आवाजात गीताचे शब्द हरवतात. ज्या गाण्याचा प्राणच शब्दांत आहे, त्याच्यासाठी ही हानी लहान नव्हे.

इंटरनेटवरून गाणी लक्षावधी श्रोत्यांपर्यंत पोहोचतात; पण एकदा गाणे ऐकले गेल्याबद्दल मिळणारा मोबदला पैशांतच मोजावा लागतो. त्यामुळे बहुतांश कलाकारांची भिस्त प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या मानधनावर राहते.

गीतकार, संगीतकार आणि गायक या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे असल्याने कायद्याच्या दृष्टीने या कलाकाराचे स्थान वस्तुतः भक्कम आहे. २०१२ च्या प्रतिमुद्राधिकार कायद्यातील दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा स्वामित्वधनातील वाटा सुरक्षित केला, तसेच सादरकर्त्यांचे हक्कही बळकट केले. 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' या संस्थेला २०१७ मध्ये केंद्र सरकारची नव्याने नोंदणी मिळाल्यावर वसुली आणि वाटपालाही गती आली. तथापि, हा हक्क हाती पडण्यासाठी आयोजकाने परवाना शुल्क भरणे आणि कोणती गीते गायली गेली याची नोंद होणे आवश्यक असते. लहान ठिकाणच्या कार्यक्रमांत अशी नोंद सहसा ठेवली जात नाही आणि कागदावरचा हक्क कागदावरच राहतो.

करप्रणालीतही या कलाकाराची जागा संदिग्ध आहे. लोककला आणि शास्त्रीय कलाप्रकारांतील संगीत, नृत्य व नाट्य सादर करणाऱ्यांच्या १ लाख ५० हजार रुपयांपर्यंतच्या मानधनाला वस्तू आणि सेवा करातून सूट आहे. स्वरचित गीते गाणारा कलाकार या दोन्ही चौकटींत सहजासहजी बसत नाही. बहुतांश राज्यांत २० लाख रुपयांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीसाठी नोंदणी सक्तीची नसल्याने नवोदितांना याची झळ पोहोचत नाही, हे खरे. परंतु धोरणकर्त्यांच्या दृष्टीसमोर हा कलाप्रकार अद्याप स्वतंत्रपणे आलेला नाही, हे यावरून स्पष्ट होते.

यावरील उपाय फार खर्चिक नाहीत. नाट्यगृहांच्या आवारात तालमीसाठी असलेली दालने किंवा ग्रंथालयांची सभागृहे सायंकाळी अल्प भाड्याने उपलब्ध करून देता येतील. प्रत्येक कार्यक्रमानंतर गीतांची यादी कळविण्याची सवय आयोजकांनी लावून घेतली, तर स्वामित्वधनाचा मार्ग मोकळा होईल. श्रोत्यांनीही विनामूल्य ऐकलेल्या गीतासाठी कधीतरी तिकीट काढून मैफलीत बसणे तितकेच महत्त्वाचे आहे. एका गिटारला मोठा मंच लागत नाही; शांतपणे ऐकले जाईल अशी लहानशी जागा मात्र लागते.