सरकीच्या पाकिटाची खरी किंमत कोण मोजतं?

2025 संपेपर्यंत जगातून बालमजुरी नाहीशी करायची, असं संयुक्त राष्ट्रांनी ठरवलं होतं. ती मुदत उलटून गेली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या जून 2025च्या अहवालानुसार जगात अजून 13 कोटी 80 लाख मुलं कामाला जुंपलेली आहेत आणि दहातली सहा शेतीत आहेत. आपल्याला बालमजूर म्हटलं की चहाच्या टपरीवरचा नाहीतर गॅरेजमधला पोरगा आठवतो. शेतातली मुलगी आठवत नाही. कपाशीच्या बीजोत्पादनात तर मुख्यतः मुलीच असतात.

ताथवडे, पुनावळे, हिंजवडीच्या पट्ट्यात कापूस पिकत नाही, मग हा विषय इथे कशाला, असं कुणी म्हणेल. पण इथल्या बांधकामांवर, रिक्षावर, कंपन्यांत कंत्राटावर राबणारी कितीतरी घरं जालना, परभणी, बीड, नांदेडकडची आहेत. जालना तर बियाण्यांचं शहर. महिको कंपनी तिथे 1964 साली सुरू झाली आणि आजूबाजूच्या गावांत बीजोत्पादनाचे प्लॉट रुजले.

काम नेमकं काय असतं?

कापूस वेचणं वेगळं आणि बियाणं तयार करणं वेगळं. संकरित बियाण्यासाठी शेतात नर आणि मादी झाडं वेगवेगळी लावतात. मादी झाडावरची उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी हेरायची, नखाने सोलून तिचे पुंकेसर काढायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचे पराग त्यावर हाताने घासायचे. यालाच क्रॉसिंग म्हणतात. एकेका फुलासाठी हे दोनदा करायचं आणि असं दोन-तीन महिने रोज. सुट्टी घेता येत नाही, कारण फूल थांबत नाही. हा हंगाम साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, म्हणजे शाळेचं पहिलं सत्र ऐन भरात असताना येतो.

शिवाय कपाशीवर फवारणी असतेच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. ती मोठी माणसं होती. त्याच पिकात दिवसभर उभ्या राहणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या अंगात किती विष जात असेल?

'छोटी बोटं' हा बहाणा

मुलांची बोटं नाजूक म्हणून हे काम त्यांनाच जमतं, असं सर्रास सांगतात. हे खरं नाही. मोठ्या बायका हेच काम तितक्याच सफाईने करतात. फरक मजुरीचा आहे. मुलीला कमी पैसे दिले तरी ती भांडत नाही, उचल घेतलेली असली तर बाप तिला परत नेत नाही.

शेतकरी तरी असं का करतो? बियाणं विकत घेण्याचा भाव कंपनी ठरवते. कंपनी आणि शेतकरी यांच्यामध्ये एजंट असतो. या शेतीत सगळ्यात मोठा खर्च मजुरीचा. वरून भाव बांधून मिळाला की शेतकऱ्याच्या हातात कमी करण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मजुरी. दुसऱ्या टोकाला बीटी कापसाच्या 475 ग्रॅमच्या पाकिटाचा कमाल भाव केंद्र सरकार ठरवतं. 2025-26 साठी तो 901 रुपये होता. पाकिटाचा भाव सरकार बांधतं, खरेदीचा भाव कंपनी बांधते आणि दोन्हींचा ताण शेवटी मुलीच्या रोजावर येतो.

2015च्या एका अभ्यासात गुजरात, राजस्थान, आंध्र, तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडू या राज्यांत मिळून या कामात जवळपास 5 लाख मुलं आढळली. त्यातली सुमारे 2 लाख 14 वर्षांखालची होती.

उपाय नाहीतच असं नाही. 2003 साली आंध्रातल्या प्लॉटांवरच्या मुलांचा अहवाल बाहेर आला, मोठमोठ्या परदेशी कंपन्यांची नावं आली, तेव्हा काही कंपन्यांना हालचाल करावी लागली. शांता सिन्हा यांच्या एम. व्ही. फाउंडेशनने मुलांना शाळेत आणलं. मुलं न लावणाऱ्या शेतकऱ्याला जादा पैसे देण्याची पद्धतही सुरू झाली. म्हणजे दबाव वरपर्यंत गेला तर फरक पडतो. आणखी एक गोष्ट: जगातले बहुतेक कापूस उत्पादक देश संकरित नव्हे, सरळ वाण लावतात. त्याला हाताने क्रॉसिंग लागत नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडे असे वाण आहेत. ते शेतकऱ्यापर्यंत जोमाने पोहोचवणं हे सरकारचं काम आहे.

'घर का च काम है'

आता आपल्या घरातलं बोलू. पहिली चाचणी झाली की वर्गातल्या दोन-चार मुली दिसेनाशा होतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "नानी के गाँव गई, टीचर." सगळ्याच शेतावर जातात असं नाही. पण ज्या जातात त्यांच्याबद्दल अम्मी सहज सांगते, "मामू का खेत है, घर का च काम है."

कायदा इथे नीट समजून घ्या. 2016च्या दुरुस्तीनुसार 14 वर्षांखालच्या मुलांना कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. मालकाला 6 महिने ते 2 वर्षं कैद किंवा 20 ते 50 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कुटुंबाला मदत करायची सवलत आहे आणि त्या कुटुंबात मामू, खाला, चाचा, फुफीही येतात. पण ती मदत शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीतच आणि धोक्याच्या कामात नाही. शाळा बुडवून दोन महिने मामूच्या प्लॉटवर राबणं या सवलतीत बसत नाही.

सच्चर समितीने 2006 सालीच सांगितलं होतं की 6 ते 14 वयोगटातली 25 टक्के मुस्लिम मुलं एक तर शाळेत गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली. गळती एका दिवसात होत नाही. सहावीत दोन महिने बुडतात, सातवीत गणित-इंग्रजी कळेनासं होतं, आठवीत मुलगी स्वतःच म्हणते, "अब नहीं जाती." मग निकाहाची बोलणी सुरू होतात.

आपल्या हातात काय आहे?

कामासाठी कुटुंबाला गावी जावंच लागलं तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवून तिथल्या शाळेत मुलीला बसवता येतं. परत आल्यावर दाखला नाही म्हणून कोणतीही शाळा प्रवेश अडवू शकत नाही, शिक्षण हक्क कायदाच तसं सांगतो. मुलगी मागे पडली असेल तर वयानुसार वर्गात बसवून तिची विशेष तयारी करून घेणं ही शाळेची जबाबदारी आहे. कुठे मूल कामाला दिसलं तर 1098 वर फोन करा, तो फुकट लागतो.

शिक्षकांनी लागोपाठच्या गैरहजेरीवर नुसती लाल शाई फिरवू नये, घरी जाऊन यावं. मशिदींच्या कमिट्यांनी हंगाम लागायच्या आधी जुम्याला यावर दोन शब्द बोलावेत. जकात-सदक्यातून एखाद्या घराची उचल फिटली, तर एक मुलगी दिवाळीपर्यंत वर्गात राहील.

कंपन्यांकडे आणि सरकारकडे हिशोब मागायचाच आहे. पण तो मागताना आपली मुलगी प्लॉटवर नको, वर्गात हवी.