सव्वाशे ग्रॅम

"तुम्ही रशिया पाहून आलात, त्यावर कधी लिहिले नाही," अशी तक्रार एका वाचक भगिनींनी केली आहे. खरे सांगायचे तर रशिया पाहिला असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही. सकाळी आठला जहाजातून उतरलो, संध्याकाळी सहाला पुन्हा चढलो. मधल्या दहा तासांत जे दिसले तेवढाच आमचा रशिया.

गोष्ट जून २०१९ ची. बेगमचे धाकटे भाऊ क्रूझवर स्वयंपाकघरात नोकरीला आहेत. कोकणात आपल्या किती घरांतून असा एखादा जहाजी असतो, हे सांगायला नको. त्यांच्यामुळे सवलतीत तिकीट मिळाले आणि आम्ही दोघे बाल्टिक समुद्राच्या सफरीला निघालो. सेंट पीटर्सबर्ग हा तिचा मोठा मुक्काम. त्या काळी क्रूझच्या प्रवाशांना तिथे ७२ तासांपर्यंत व्हिसा लागत नसे, पण अट अशी की परवाना असलेल्या टूरबरोबरच फिरायचे. गाईडला सोडून एखाद्या गल्लीत वळायचीही सोय नाही. सहलीच्या मुलांना रांगेत चालवणारे आम्ही, त्या दिवशी स्वतः रांगेत चालत होतो.

झार पीटरने १७०३ मध्ये नेवा नदीच्या मुखाशी, दलदलीत हे शहर वसवायला घेतले. पुढे ते राजधानी झाले. १९१४ मध्ये नाव बदलून पेट्रोग्राड, १९२४ मध्ये लेनिनग्राड आणि १९९१ मध्ये पुन्हा सेंट पीटर्सबर्ग. पीटरचा घोड्यावरचा पुतळा, सेंट आयझॅकचा सोन्याचा मुलामा दिलेला घुमट, हे सकाळीच उरकले. 'उरकले' हाच शब्द बरोबर. हर्मिटेज संग्रहालयाला दोन तास मिळाले, आणि तिथे सुमारे तीस लाख वस्तू आहेत! आमच्या लक्षात राहिली ती गाईडबाईंनी सांगितलेली एक गोष्ट. १९४१ मध्ये जर्मन फौजा जवळ आल्या तेव्हा इथली चित्रे रेल्वेने उरल पर्वताकडे हलवली, पण चौकटी भिंतींवर तशाच ठेवल्या. वेढ्याच्या दिवसांत तिथल्या एका माणसाने सैनिकांना त्या रिकाम्या चौकटींसमोर उभे करून कुठे कोणते चित्र होते ते समजावून सांगितले होते.

जेवणानंतर गाडीत वाद निघाला. कार्यक्रमात पुढे पिस्कार्योव्स्कोये कब्रस्तान होते, ते शहराच्या दुसऱ्या टोकाला. एक वयस्कर जोडपे म्हणाले, सुट्टीत कब्रस्तान कशाला, त्यापेक्षा अंबरच्या दुकानात जास्त वेळ द्या. आम्हीही त्यांच्या बाजूने बोललो, हे कबूल केले पाहिजे. आम्हाला दुकान नको होते. आम्हाला हवी होती इथली जामा मशीद आणि जोहरची नमाज. गाईडबाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि दुकानच रद्द केले. पंधरा मिनिटे मशीद, मग कब्रस्तान. जोडपे रुसले.

मशीद किल्ल्याच्या समोरच आहे. करड्या ग्रॅनाइटच्या भिंती, वर निळा घुमट, दोन उंच मिनार. समरकंदच्या तैमूरच्या मकबऱ्यावरून तिचा नमुना घेतला आहे. इथल्या तातार मुसलमानांनी वर्गणी जमवली, बुखाऱ्याच्या अमीरने मोठी मदत केली, १९१० मध्ये पायाभरणी झाली आणि १९१३ मध्ये ती नमाजसाठी उघडली. दारावरच्या अरबी ओळी वाचताना परक्या मुलुखात कोणी ओळखीचे भेटावे तसे झाले. १९४० मध्ये सरकारने ती बंद केली आणि युद्धकाळात आत औषधोपचाराच्या सामानाचे गोदाम होते. १९५६ मध्ये ती परत मिळाली. आम्ही कसर पढून घाईने गाडीत येऊन बसलो.

कब्रस्तानात गेल्यावर मात्र कोणी घड्याळ पाहिले नाही. लांबच लांब गवताचे चौथरे, एकेका चौथऱ्याखाली हजारो माणसे. नाव कुठेच नाही, दगडावर फक्त साल: १९४२, १९४२, पुन्हा १९४२. जवळपास पाच लाख माणसे इथे दफन आहेत, बहुतेक साधे नागरिक. सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४, असा ८७२ दिवस शहराला वेढा होता. त्यातली बरीचशी माणसे गोळ्यांनी नाही, भुकेने गेली. दारापाशी लहानसे प्रदर्शन आहे. पहिल्या हिवाळ्यात मुलांना आणि काम न करणाऱ्यांना दिवसाला मिळे तो १२५ ग्रॅम पाव, म्हणजे आपले अडीच-तीन लादीपाव. पण आपल्या पावासारखा तो नव्हता. पीठ पुरत नसल्याने त्यात पेंड आणि लाकडाचा लगदा मिसळत, त्यामुळे जड, काळा आणि हाताच्या पंजाहून लहान. दिवसभरासाठी दुसरे जवळजवळ काहीच नाही, आणि बाहेर हाडे गोठवणारी थंडी.

आमच्यातल्या मास्तरला खरे धरून ठेवले ते तान्या साविचेवाच्या वहीने. अकरा वर्षांची मुलगी. वही अक्षरवार कप्प्यांची, आपण फोन नंबर लिहायला ठेवायचो तशी. घरातले माणूस गेले की त्याच्या नावाच्या अक्षराखाली तारीख आणि वेळ. बहीण, आजी, भाऊ, दोन काका, आई. अशी नऊ पाने. सगळे गेले असे तिने शेवटी लिहिले, पण एक बहीण आणि एक भाऊ जिवंत होते. तिला ते कधी कळलेच नाही. तिला शहराबाहेर हलवले होते, तरी १९४४ च्या जुलैमध्ये ती गेली. वर्गात आम्ही मुलांना अक्षरे अशाच रकान्यांत लिहायला सांगतो.

बेगमने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि १९४२ च्या एका दगडापाशी फातिहा पढली. तातार घरे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांची माणसेही याच मातीत असणार. रुसलेले जोडपे दूर उभे होते. बाईंनी पर्समधून काढलेले बिस्किट दगडावर ठेवले. इथे लोक पाव, बिस्किटे, खाऊ ठेवून जातात, असे गाईडबाई म्हणाल्या.

२०२२ पासून, युक्रेनच्या युद्धामुळे, मोठ्या क्रूझ त्या बंदरात जात नाहीत. मेहुणे आता दुसऱ्या मार्गावर आहेत.

त्या रात्री मगरिबला साडेदहा वाजले, तरी आभाळात उजेड होताच. जेवणाच्या टेबलावर मेहुण्यांनी पावाची टोपली आणून ठेवली आणि म्हणाले, "भाईजान, घ्या ना, उरलेले रात्री टाकूनच द्यायचे असतात." बेगमने एक पाव उचलला, हातावर तोलला आणि बराच वेळ तसाच धरून बसली.